रेघांची लिपी आणि कामगार



वसंतातल्या व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो महागाई, किमान वेतन किंवा एखाद्या संपाची हकीकत घेऊन येणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच चुकीची असते असेही नाही. तथापि या वर्षी आम्ही निवडलेला विषय ऐकून चालक मंडळींपैकी एकदोघांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. विषय आहे नकाशात भरल्या जाणाऱ्या रेघांचा. संगणकावर नकाशे काढण्याची जी साधने आहेत, त्यांत ही रेघांची नक्षी साध्या मजकुरातून लिहिता येते. हा मजकूर कोठून आला, तो येण्याआधी ते काम कोण करीत होते आणि तो आल्यावर त्यांचे काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या संगतीत झालेले. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा कोणी करू नये.

आम्हां हिंगणीकरांना बोर धरण नवे नाही. ते मातीचे धरण आहे. अशा मातीच्या धरणाचा छेद दाखविणारा नकाशा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल: मधोमध चिकण मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, झिरपलेले पाणी वाट काढून जावे म्हणून वाळूचा थर आणि पाण्याकडच्या उतारावर दगडांची बांधणी. कागद एक, शाई एक. मग माती कोठे संपली आणि मुरूम कोठे सुरू झाला हे कळते कशावरून? आत भरलेल्या रेघांवरून. कोठे तिरप्या रेघा, कोठे ठिपके, कोठे लहान त्रिकोण. या भरणीला धंद्यात 'हॅच' म्हणतात. नकाशाची बाहेरची रेघ जागा सांगते, आतली रेघ वस्तू सांगते. आतली चुकली तर गवंडी विटेच्या जागी काँक्रीट समजेल आणि बिलात घोटाळा होईल तो निराळाच.

येथे भाषेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'नक्षी' आणि 'नकाशा' हे दोन्ही शब्द एकाच घरचे. 'नक्श' या अरबी शब्दापासून दोघे निघाले आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. एक लुगड्याच्या पदरावर बसला, दुसरा तलाठ्याच्या दप्तरात. आजच्या आमच्या कथेत हे दोघे भाऊ पुन्हा एकत्र येतात.

रंगाकडून रेघेकडे

नकाशात रेघा भरण्याची रीत फार जुनी आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारे कारागीर छाया दाखविण्यासाठी रेघांचीच मदत घेत. पण या रेघांना नियमात बसविण्याचा एक ठळक प्रयत्न योहान गेओर्ग लेमान या सॅक्सन लष्करी अधिकाऱ्याने १७९९ मध्ये केला. डोंगराचा उतार जितका उभा तितकी रेघ जाड, असे त्याचे सूत्र होते. म्हणजे चित्रकाराच्या नजरेवर असलेली गोष्ट प्रथम शब्दांत मांडली गेली, आणि शब्दांत मांडली गेल्यावर कोणालाही शिकविता येऊ लागली.

हा काळ आमच्या जिल्ह्याला परका नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन, ज्याने १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून कामाला आरंभ केला, तो नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. कोन आणि अंतरे मोजणाऱ्या साहेबांची नावे इतिहासात राहिली. त्यांच्या आकड्यांवरून नकाशा काढणाऱ्यांची, डोंगराची रेघ न् रेघ भरणाऱ्यांची नावे मात्र सहसा कोणी टिपून ठेवली नाहीत. असो.

इमारती आणि यंत्रे यांच्या नकाशात पूर्वी रेघांपेक्षा रंगाला मान होता. बिडाला करडा, घडीव लोखंडाला निळा, विटेला तांबडा, असे पातळ रंग कुंचल्याने भरीत. ही रीत मोडली ती एका स्वस्त युक्तीने. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये निळ्या छापाची क्रिया शोधली, आणि १८७० नंतर ती अभियंत्यांच्या कचेऱ्यांतून पसरली. पारदर्शक कागदावरचा नकाशा उन्हात धरला की त्याची नक्कल निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांत उतरे. नकला भराभर निघू लागल्या, पण त्यांत रंग उतरेना. मग रंगाचे काम रेघेला करावे लागले. पुढे आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने इमारतींच्या नकाशांसाठी 'आय. एस. ९६२' ही संहिता केली आणि विटेला कोणती भरणी, दगडाला कोणती, हे ठरवून दिले.

नक्कल करणे स्वस्त झाले तसे काम करणाऱ्याच्या हातातला कुंचला गेला आणि त्याला नवी लिपी शिकावी लागली. पुढेही असेच घडणार होते. फरक एवढाच, की त्या वेळी जुन्या माणसाला ही नवी लिपी शिकविण्यात आली.

काकांचा मुरूम

आता थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. १९८८ मध्ये आम्ही हिंगणी सोडून नागपूरला एका कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात कामाला लागलो. आरंभी चहा आणणे, पेन्सिलींना टोके काढणे, अमोनियाच्या वासात डोळे चोळीत नकाशांच्या नकला काढणे; पुढे ट्रेसिंग. चार ट्रेसर होते. त्यांतले वडीलधारे होते त्यांना सगळे 'काका' म्हणत. गुण्या पट्टीवर टेकवून पंचेचाळीस अंशांची रेघ, गुण्या केसभर सरकवून दुसरी रेघ, अशा शेकडो रेघा ते मोजमापाशिवाय सारख्या अंतराने ओढीत. पाहणाऱ्याला यंत्रानेच काढल्या असे वाटे.

काकांची खरी करामत मुरमात होती. पुस्तकात मुरमाला स्वतंत्र खूण आम्हांला तरी आढळली नव्हती. काकांनी ती स्वतः बसविली होती: बारीक ठिपक्यांच्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जराशी सरकलेली, आणि मध्येमध्ये लहान त्रिकोणी खडा. नव्या पोराला ते म्हणत, "मुरूम आधी हातात घेऊन पाह्य, मंग काढ." त्यांचा नकाशा साइटवर गेला की मुकादम लांबूनच ओळखी.

१९९६ मध्ये ऑफिसात संगणक आला. त्याबरोबर तो चालविणारा एक तरुण आला. मुलगा सालस होता, त्याचा दोष काही नव्हता. भिंतीच्या आत कोठेही एकदा खूण केली की सगळी भिंत क्षणात रेघांनी भरून निघे. काकांचे अर्ध्या दिवसाचे काम चहा निवण्याच्या आत होई. आम्ही सगळे भोवती उभे राहून पाहत होतो. काकांनी एकच प्रश्न विचारला: "यात मुरूम हाय का?" तरुणाने यादी वरखाली पाहिली आणि सांगितले, "नाही काका. जे कंपनीने दिले तेच यात आहे." त्या दिवसापासून आमच्या नकाशांतला मुरूम दूर देशीच्या एका मातीच्या खुणेने दाखविला जाऊ लागला. महिना संपण्याआधी चारांतले तिघे घरी बसले. काका त्यांत होते. नुकसानभरपाई म्हणून पंधरा दिवसांचा पगार. आम्ही वयाने लहान आणि पगाराने स्वस्त म्हणून राहिलो. पुढे वर्षभरात तेही सोडले आणि संघटनेच्या कामात पडलो.

'कंपनीने दिले तेच यात आहे' हे वाक्य आम्ही पुढे कितीतरी वर्षे खरे मानून चाललो. ते खरे नव्हते.

मागावरची लिपी

ते खरे का नव्हते हे सांगण्याआधी श्रोत्यांना विणकराच्या मागापाशी न्यावे लागेल. कारण नक्षी लिहून ठेवण्याची कला नकाशाने शोधली नाही, कापडाने शोधली.

माग म्हणजे मुळात एकच निर्णय: ताण्याचा कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता दाबून ठेवावयाचा. साध्या कापडात एक उचल, एक दाब. आपल्याकडचा बुरूड तट्टा विणताना हेच करतो. एक पट्टी वर, एक खाली, किंवा दोन वर, दोन खाली. फुलवेलीच्या कापडात मात्र प्रत्येक ओळीला निराळी उचल. ती लक्षात कशी ठेवावी? बनारसला हे काम 'नक्शबंद' करीत. नक्षी आधी ते धाग्यांच्या जाळ्यात गाठी मारून बांधून ठेवीत. मग मागावर बसलेला पोर त्या दोऱ्या क्रमाने ओढी आणि विणकर धोटा फेकी. म्हणजे नक्षीची आठवण माणसाच्या डोक्यातून निघून दोरीत आली होती. मात्र दोरी बांधणारा अजून कारागीरच होता.

फ्रान्समधील लियों शहरात रेशमाच्या मागांवरही असाच दोऱ्या ओढणारा पोर असे. तेथे बाझील बुशों याने १७२५ मध्ये भोके पाडलेल्या कागदाची पट्टी वापरून पाहिली. त्याच्या सहकाऱ्याने पट्टीऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे जोडून घेतले. शेवटी जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्याला भोक असेल तेथे धागा उचलला जाईल, नसेल तेथे जाणार नाही. नक्षी आता पुठ्ठ्यांच्या माळेत लिहिली गेली. माळ बदलली की तोच माग निराळे कापड विणू लागला. १८३९ मध्ये लियोंत जॅकार्डचीच तसबीर रेशमात विणली गेली. तिला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने तिची एक प्रत मिळविली होती, आणि त्याच्या नियोजित गणनयंत्रासाठी त्याने हीच पुठ्ठ्यांची रीत योजिली. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या विदुषीने हे यंत्र आणि फुले-पाने विणणारा माग यांचे नाते प्रथम स्पष्टपणे सांगितले. आजचा संगणक अशा रीतीने मागाच्या वंशातला आहे.

आता कामगारांचे काय झाले ते पाहा. दोऱ्या ओढणारा पोर गेला. जॅकार्डच्या यंत्राला आरंभी विणकरांनी कडवा विरोध केला. पण याच लियोंच्या विणकरांनी नोव्हेंबर १८३१ मध्ये जो मोठा उठाव केला, त्याची मागणी 'यंत्र मोडा' अशी नव्हती. त्यांची मागणी होती विणाईच्या किमान दराची. व्यापारी दर ठरवून देत नव्हते, ठरविलेले पाळीत नव्हते. यंत्र त्यांनी तोवर आपलेसे केले होते. भांडण मोबदल्याचे होते. उठाव लष्कराने मोडला, १८३४ मध्ये पुन्हा झाला, पुन्हा मोडला. तरी त्यांनी प्रश्न अचूक विचारला होता, असे आम्हांस वाटते.

आमच्या भागातही कापडाचा इतिहास लहान नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि त्याच वर्षी तेथे वेतनासाठी झालेला संप हा देशातल्या अगदी आरंभीच्या संपांत गणला जातो. हिंगणघाट आणि पुलगाव या आमच्या जिल्ह्यातल्या गावांनीही गिरणीचा भोंगा ऐकला. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली.

इतिहासात काही वर्षे अशी येतात की दोन ठिकाणी दोन गोष्टी घडतात आणि एकीला दुसरीची वार्ता नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑटोडेस्क नावाची कंपनी निघाली आणि नोव्हेंबरात तिने 'ऑटोकॅड' लोकांपुढे मांडले. संगणकाच्या पडद्यावर नकाशा काढण्याचे काम त्याआधी १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड याने करून दाखविले होते, पण ते फार मोठ्या यंत्रावर. ऑटोकॅड टेबलावरच्या लहान संगणकावर चालले. गिरणगावाला त्या वर्षी याची खबर असण्याचे कारण नव्हते. पण जॅकार्डच्या मागाचा वंशज आता ट्रेसरच्या टेबलाकडे निघाला होता.

मजकूर उघडून पाहिला

'कंपनीने दिले तेच यात आहे' हे वाक्य खोटे होते, याचा शोध आम्हांस फार उशिरा लागला. संघटनेच्या कचेरीत बांधकाम कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालतो. तेथे नकाशे वाचणे शिकविताना एका मुलाने नक्षीची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आम्हांस वाटले होते आत काही अगम्य यंत्रभाषा असेल. आत होते आकडे. साधे, स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. किराण्याच्या यादीइतके उघडे.

विटांच्या भिंतीची नक्षी आम्ही आमच्या मापाने लिहिली. नऊ इंच लांब आणि तीन इंच उंच वीट म्हणजे मिलिमीटरमध्ये ढोबळमानाने २२५ आणि ७५. पहिल्या ओळीत तारका, नक्षीचे नाव आणि वर्णन. नंतर तीन ओळी. यंत्राला इंग्रजी आकडे लागतात. येथे छापताना मराठी ठेवले आहेत.

०, ०,०, ०,७५
९०, ०,०, ०,२२५, ७५,-७५
९०, ११२.५,०, ०,२२५, -७५,७५

ही लिपी वाचावयाची कशी ते सांगतो. पहिला आकडा रेघेचा कोन. पुढचे दोन रेघेचा आरंभबिंदू. त्यापुढचे दोन असे, की शेजारची रेघ काढताना रेघेच्या दिशेने किती सरकावयाचे आणि बाजूला किती. त्यानंतर काही नसेल तर रेघ अखंड. आकडे असतील तर धन म्हणजे लेखणी टेकवून ओढ, ऋण म्हणजे उचलून पुढे जा, शून्य म्हणजे नुसता ठिपका. असे आकडे एका ओळीत सहापर्यंत देता येतात. झाले! एवढेच व्याकरण.

आता वरच्या ओळी वाचा. पहिली: आडवी अखंड रेघ, दर ७५ वर पुन्हा. हे विटांचे थर. दुसरी: उभी रेघ, ७५ ओढ, ७५ उचल, दर २२५ वर पुन्हा. हे एक सोडून एक थरातले सांधे. तिसरी: तीच उभी रेघ, पण अर्ध्या विटेने सरकलेली, आणि आधी उचल मग ओढ. हे मधल्या थरांतले सांधे. टेकव आणि उचल. बुरडाची एक पट्टी वर, एक खाली. मागाची उचल आणि दाब. जॅकार्डचे भोक आणि कोरा पुठ्ठा. दोनशे वर्षांत भाषा तीच राहिली आहे.

वर्गात एक तरुण गवंडी बसत असे. शाळा त्याने आठवीतच सोडलेली. तो बराच वेळ फळ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, तिसरी ओळ कायले पायजे? एक थर वर, अर्धी वीट बाजूले. सांधा असाच तं चढते." आम्ही क्षणभर थबकलो. मग दुसरी आणि तिसरी ओळ पुसून त्याच्या सांगण्याप्रमाणे एकच लिहिली:

९०, ०,०, ७५,११२.५, ७५,-७५

शेजारची रेघ काढताना ७५ वर सरक आणि ११२.५ बाजूला जा. भिंत बरोबर उमटली. ऑटोकॅडबरोबर येणारी विटेची नक्षी तीन ओळींची आहे; आमच्या गवंड्याने ती दोन ओळींत बसविली. त्याला संगणक येत नव्हता, वीट येत होती. या एका संध्याकाळीने आमचे पुष्कळसे जुने विचार हलवले.

त्यानंतर काकांचा मुरूम लिहावयास घेतला. ठिपके सोपे होते:

०, ०,०, ३,६, ०,-७

आडवी ओळ, एक ठिपका, सात उचल. वरची ओळ सहा अंतरावर आणि तीनने सरकलेली. काकांची 'जराशी सरकलेली ओळ' ती हीच. त्रिकोणी खड्याने मात्र दमविले. त्याच्या तीन बाजूंना तीन कोनांच्या तीन ओळी लागतात, अंतरे दशांशात येतात, आणि दशांश थोडे जरी तोडले तरी आरंभबिंदूपासून दूर गेल्यावर त्रिकोणांची टोके सुटू लागतात. शिवाय या लिपीत सरळ रेघच काढता येते, वळण येत नाही. गोल गोटा हवा असेल तर तोही तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. सगळे जमल्यावरही यंत्र नक्षी घेईना. दोन संध्याकाळी आकडे तपासण्यात गेल्या. शेवटी कळले की शेवटच्या ओळीनंतर एन्टर दाबून ती ओळ संपवावी लागते. आणि नक्षी स्वतंत्र फाइलीत ठेवायची तर फाइलीचे नाव आणि नक्षीचे नाव एकच हवे. इतकी क्षुल्लक गोष्ट! पण सांगणारा कोणी नसला की क्षुल्लक गोष्टही तटबंदीसारखी आडवी येते.

अक्षरांची नक्षी

मजकुरातून नक्षी करता येते, तशी मजकुराचीच नक्षीही करता येते. रामनामी उपरणे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाकडी ठशाने उमटविलेली तीच दोन अक्षरे काठापासून काठापर्यंत, इतकी दाट की दुरून ती नुसती वेलबुट्टी वाटते आणि जवळ गेल्यावर वाचता येते.

वर्गातल्या एका मुलीला भिंतीच्या नकाशात रेघांऐवजी 'हिंगणी' हा शब्द भरावयाचा होता. शिरोरेषेला एक ओळ पुरली. पण 'ह'ची वळणे, वेलांटीची कमान, 'ग'चा गोळा, यांचे सरळ तुकडे पाडता पाडता पंचवीसएक ओळी झाल्या आणि तरी वेलांटी काठी मोडल्यासारखी दिसे. ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठी ऑटोकॅडमध्ये अक्षरांचा एक ठोकळा करून तोच सगळीकडे मांडण्याची जादा सोय आहे. ती रामनामी छापणाऱ्याच्या ठशासारखी. त्या मुलीने सोय वापरली नाही. तिने पंचवीस ओळी पुऱ्या केल्या, आणि आता वर्गात तिच्याइतकी ती लिपी कोणाला येत नाही.

आमचे काय चुकले

आता जड भाग. आम्ही संघटनेची माणसे संगणकाशी कसे वागलो? आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कचेरीत संगणक बसविण्यास साठीच्या दशकात कर्मचाऱ्यांनी तीव्र विरोध केला. पुढे केंद्र सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मालकांच्या मंडळाशी संगणकाविषयी करार केला. म्हणजे जेथे संघटना बळकट होती तेथे यंत्र येण्यापूर्वी निदान बोलणी तरी झाली. ड्रॉइंग ऑफिसातल्या चार ट्रेसरांची संघटना कोठली? तेथे यंत्र सकाळी आले आणि माणसे संध्याकाळी गेली.

विरोध करणारे मूर्ख होते, असे आम्ही म्हणणार नाही. पोट जात असताना हात आडवा करणे हा शहाणपणाचाच भाग आहे. चूक दुसरीकडे झाली. यंत्र येऊ द्यावे की नाही, याच प्रश्नावर आम्ही सगळी ताकद खर्च केली. यंत्राच्या पोटात काय आहे, ते कोणाला वाचता येते आणि कोणाला शिकविले जाणार, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आम्ही समजलो की कौशल्य यंत्रात गेले म्हणजे ते मालकाचे झाले. वास्तविक कौशल्य यंत्रात गेले नव्हते, मजकुरात गेले होते. आणि मजकूर वाचता येतो.

कोणी विचारील, काकांना ही लिपी शिकविली असती तर त्यांची नोकरी टिकली असती काय? खोटे कशाला बोलावे? चार माणसांचे काम एकावर आले होते. चौघेही टिकले नसते. पण तो एक कोण, हा प्रश्न तरी उरला असता. गेलेल्या तिघांच्या हाती पंधरा दिवसांच्या पगाराऐवजी तीन महिन्यांचे शिक्षण मागता आले असते. आणि काकांनी आयुष्यभर हातात घेऊन पाहिलेला मुरूम त्यांच्याच हाताने लिहिला गेला असता, त्यांच्या नावाने. ते आमच्या वर्गापर्यंत पोचले नाहीत. आमचा वर्ग सुरू होण्याच्या आधीच ते गेले.

आज परिस्थिती एका बाबतीत बरी आहे. याच आकड्यांची फाइल 'फ्रीकॅड'सारखी विनामूल्य साधनेही वाचतात. म्हणजे नक्षी लिहिण्यासाठी महागडा परवाना विकत घेण्याची गरज उरलेली नाही. जुना संगणक आणि दोनचार संध्याकाळी पुरतात. दुसऱ्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. काल ट्रेसरचे टेबल रिकामे झाले, आज नकाशा काढणाऱ्या तरुणाचेच होऊ घातले आहे. कारण आता यंत्रे आकड्यांऐवजी साध्या बोलण्यातूनही चित्रे काढू लागली आहेत. १९९६ मधला तो सालस मुलगा आज पन्नाशीत असेल. काकांना विचारावा लागलेला प्रश्न आता त्याच्यापुढे उभा आहे.

म्हणून नव्या यंत्राविषयी करार करताना आम्ही आता तीन गोष्टी मागतो आणि इतरांनीही मागाव्या असे सुचवितो. यंत्र येण्यापूर्वी जुन्या कामगाराला ते शिकविण्याचा पगारी अवधी. यंत्रात जे कौशल्य भरले जाईल ते ज्याचे, त्याच्या नावाची नोंद. आणि यंत्राच्या पोटातला मजकूर उघडून पाहण्याचा हक्क. पहिली मागणी कधीकधी मान्य होते. दुसरीला हसतात. तिसरी काय आहे हेच पुष्कळांना कळत नाही, आणि त्यासाठीच आज हा विषय निवडला.

आमच्या वर्गाच्या संगणकात 'काका' या नावाची एक फाइल आहे. सात ओळींची आहे. शेवटी एन्टर मारलेला आहे. ज्यांना मुरूम काढावयाचा असेल त्यांनी ती खुशाल न्यावी. मात्र नेण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला ती उघडून वाचावयास लावतो, आणि अंगणातला मूठभर मुरूम हातावर ठेवतो.